पंजाबरावांच्या ॲम्प्लिफायरची मोहीम, अर्थात रस्त्याकडच्या खोलीचा कज्जा

श्री कुलस्वामिनी प्रसन्न. जिने मनुष्यास दोन कान दिले आणि ते मिटावयास झाकण मात्र दिले नाही, त्या आदिशक्तीस साष्टांग नमस्कार करोन ही हकीकत लिहावयास घेतली असे. लिहा म्हणोन आम्हांस कोणी फर्माविले नाही. उलट ज्यांचे पराक्रम यांत आले आहेत त्यांजकडून लिहू नका म्हणोन दोन वेळां निरोप आला. तरी लिहितो. कारण मौजे अनसिंग, प्रांत वाशीम, येथे यंदा भाद्रपदमासी जे रण माजले त्याची खोटी खबर पानठेल्यापासून कृषी केंद्राच्या ओट्यापर्यंत पसरली, आणि खरी खबर सांगेल ऐसा माणूस गावांत उरला नाही, कां की सर्वांनी त्या घरच्या पुरणपोळ्या खाल्ल्या होत्या.

तर अनसिंगचे शिवेस, रस्त्यास लागून ज्यांचे घर आणि घरामागे भाजीचा मळा, ऐसे राजश्री पंजाबराव इढोळे नांदत असत. वांग्यांचे सरलष्कर, टमाट्यांचे सरनोबत, मेथी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, या जोडकिल्ल्यांचे किल्लेदार. भाजी उत्तम पिकवीत, यांत वाद नाही. आमची लेखणी तिखट असली तरी लबाड नाही. परंतु खोड ऐसी की, जे काम दुसऱ्यास शिकोन येते ते आपणांस न शिकतां येते हा त्यांचा पक्का समज, आणि समज खोटा ठरला म्हणजे तो न बदलतां आवाज वाढवावा ही त्यांची राजनीति. कबिल्यात तुळसाबाईसाहेब, त्यांच्या पत्नी, ज्यांच्या हाती चूल, किल्ल्या आणि खरा हुकूम. चिरंजीव धीरज, जे बापासही 'हो' म्हणत आणि बायकोसही 'हो' म्हणत, आणि हे दोन 'हो' एका जागी भेटू नयेत म्हणोन दिवसभर मोटारसायकलीवर फिरत. आणि सूनबाई तनुजा, जिने लग्नाआधी वाशीमचे आयटीआयमध्ये दोन वर्षे घालवोन इलेक्ट्रिशियनचा इल्म हस्तगत केला होता आणि लग्नानंतर तो इल्म पोळ्या लाटण्याकडे लावला होता.

कज्ज्याचे मूळ म्हणजे एक खोली. घरास रस्त्याकडे तोंड करोन दहा बाय बाराची खोली, तींत खताची पोती, भाजीचे फुटके कॅरेट आणि दोन उंदीर यांचा अंमल. श्रावण सरता सरता तनुजाने सासऱ्यांपुढे अर्ज गुजारला की, मामाजी, पोती मागल्या शेडात हलवावी आणि ही खोली मला द्यावी, गावचे पंखे, मिक्सर, फवारणीचे पंप दुरुस्त करावयाचे दुकान टाकीन. अर्ज रीतसर होता, डोक्यावर पदर होता, आणि बोलणे मवाळ होते. परंतु त्या वेळी ओट्यावर शेजारचे जानराव बसले होते, आणि परक्या माणसासमोर पंजाबरावांची अक्कल नेहमी दुप्पट होत असे. त्यांनी तत्काळ फर्मान काढिले:

"पंखे खोलाले कायले लागते आयटीआय? मोबाईलवर समदं दाखोते. मी सोता घरी साऊंड बनवून दाखोतो, तुह्या दुकानाची गरजच नाही कोनाले!"

जानरावांनी मान हलविली. मान हलविणे हाच त्यांचा पेशा. परंतु आंतून तुळसाबाईंनी, कणीक मळणारे हात न थांबवितां, एकच सवाल टाकिला: "अन् नाही वाजला तं?"

येथे शहाणा माणूस गप्प बसता. पंजाबराव उठले, मिशीवरून हात फिरविला आणि गरजले, "नाही वाजला तं खोली सुनेची! अन् वाजला तं या घरात दुकानाचं नाव कोनी काहाडाचं नाही!" मग बाईसाहेबांनी तेथल्या तेथे तहाचे कलम पक्के केले, ते येणेंप्रमाणे: महालक्ष्म्यांच्या पूजेदिवशी आरती त्याच घरच्या साऊंडच्या पेटीतून लागावी आणि आलेल्या पाहुण्यांस तिचा शब्द न् शब्द ऐकू यावा. ऐकू आला तर फत्ते सासऱ्यांची, न आला तर खोली सुनेची. जानराव साक्षीस. धीरज यांस विचारिले, ते 'हो' म्हणाले आणि गाडीस लाथ मारोन निघोन गेले.

पुढे आठवे रोजी कुरिअरची स्वारी आली आणि ॲम्प्लिफायरचा संच दाखल जाहला. सरंजाम काय वर्णावा! एक हिरवी पाटी, तीस जागोजाग भोके. दोन काळ्या आयस्या, म्हणजे आयसी चिपा, बहुत पायांच्या, ज्यांस बाजारांत चव्वेचाळीस-चाळीस म्हणतात. कॅपॅसिटर म्हणोन निळी पिंपे, करंगळीएवढी. आवाज चढविण्याउतरविण्याची बटणे तीन. आयस्या तापू नयेत म्हणोन ॲल्युमिनियमची दातेरी चकती, आणि तिजवर लावावयास पांढऱ्या मलमाची पुडी. सोबत एक कागद, त्यांत मोठ्या अक्षरांत लिहिले होते की, वीज देण्यास ट्रान्सफॉर्मर बारा-झिरो-बाराचाच लावावा. 'चाच' या अक्षराखाली रेघ होती. कागद पंजाबरावांनी वाचिला, चौकोनी घडी घातली आणि त्यावर चहाचा कप ठेविला.

आतां जो अनर्थ जाहला त्याचे कारण सांगणे प्राप्त. भाजीवाल्या मळ्यांत औषधाचा एक दस्तूर आहे. बाटलीवर लिहिलेले असते की पंपास एक टोपण. आणि आमचे मळेकरी टाकतात दोन. कंपनी भीत भीत लिहिते, अळीस मात्र डोसच पाहिजे, ऐसे तीस वर्षांचे त्यांचे शास्त्र. हेच शास्त्र डोक्यावर घेवोन पंजाबराव धीरजच्या मागे बसोन वाशीमास कूच करते जाहले, आणि तेथे दुकानदारापुढे उभे राहोन बारा-झिरो-बारा न मागतां चोवीस-झिरो-चोवीस मागते जाहले. दुकानदार भला माणूस, त्याने विचारिले की काका, बोर्ड कोणता आहे. पंजाबरावांनी उत्तर केले की, "तू ट्रान्सफॉर्मर दे गा, बोर्ड माहा हाय." ट्रान्सफॉर्मर मिळाला, वजनास लहान कोहळ्याइतका, आणि स्वारी विजयी मुद्रेने परतली.

मग दुसरे दिवशी दुपारी ओट्यावर मोर्चे बांधिले. पंजाबराव मध्यभागी, मोबाईल तांब्यास टेकवोन ठेविला, त्यांत एक पोरगा हिंदीत सांगत होता आणि हे त्याजहून वेगाने करीत होते. कथिलाचा डाग मुगाच्या दाण्याएवढा पुरे. यांनी तुरीएवढा दिला, आणि दोन तुरी एकमेकींस चिकटल्या तर म्हणाले, मजबुती आली. पांढरे मलम आयसीच्या पाठीस बोटाने पुसट लावावयाचे. यांनी संत्र्याच्या खोडास बोर्डो पेस्ट चोपडतात तैसे चोपडले, वर दुसरा हात दिला. जानराव सल्लागार. या गृहस्थांनी जन्मांत एकदा रेडिओचा सेल बदलला होता आणि त्या मोहिमेच्या जोरावर आजवर वीजखात्यास नावे ठेवीत आले होते. ते म्हणत, लाल वायर इकडे; पंजाबराव म्हणत, तेच करून राह्यलो. ऐसा चार तास कारभार चालला.

तनुजा सांबार निवडीत दारांत बसली होती. तिने ट्रान्सफॉर्मरवरचा आकडा पाहिला आणि तिचा हात थांबला. तिने मर्यादेने कळविले, "मामाजी, हा डबल हाय. कॅपॅसिटर फुटतीन." यावर हुकूम जाहला की सूनबाईने सांबाराकडे ध्यान द्यावे. तिने दिले. मात्र आपला पाट उचलोन चार हात मागे सरकली, आणि सासूबाईंसही खुणेने मागे बोलाविले. जानरावांस कोणी बोलाविले नाही.

पंजाबरावांनी कुलदैवताचे स्मरण करोन खटका दाबिला. एक पळ शांत. मग आंतून कढईत मोहरी तडकावी ऐसा आवाज, आणि लगेच 'ठो' करोन एक निळे पिंप आभाळी उडाले, जानरावांची टोपी घेवोन गेले, छताच्या पत्र्यावर आदळले आणि मेथीच्या जुड्यांत जावोन पडले. मागोमाग दुसरे. धुराचा लोट उठला, त्यास करपलेल्या मासोळीची घाण, आणि श्रावण पाळलेल्या त्या घरांत तो वास दोन दिवस मुक्कामी राहिला. आयस्या फाटल्या. जानराव मुत्सद्दी चप्पल रणांत टाकोन अनवाणी पसार जाहले. पंजाबराव मात्र जागचे हलले नाहीत, हे शौर्य म्हणोन गावांत सांगतात. खरे इतकेच की हलावयाचे सुचले नाही. धूर निवळल्यावर त्यांनी जाहीर केले की, माल खराब आला. अहो, माल खराब! धन्य ते तोंड!

दुसरा संच मागविला. ट्रान्सफॉर्मर जळाला म्हणोन धीरज यांस वाशीमास रवाना केले, हुकूम चोवीसचाच. निघतां निघतां तनुजाने दारांत अडवोन सांगितले की बाराचा आणा. धीरज बापास 'हो' म्हणाले होते, बायकोसही 'हो' म्हणाले, आणि या एका प्रसंगी, जन्मांत प्रथमच, दोहोंतून एक निवडला. बाराचा आणिला, त्यावरचा आकडा नखाने खरवडला, आणि बापास म्हणाले, "चोवीसचाच हाय बाबा." खोटे बोलले, पण नीट बोलले, आम्ही त्यांस या कलमांत माफ करितो.

या खेपेस काही फुटले नाही. महालक्ष्म्या येण्याचे आदले दिवशी पेटी जोडून तयार जाहली. प्लायवुडचे खोके, वर निळा दिवा, दोन बाजूंस दोन स्पीकर. आणि आंतल्या वायरी पाहून तर पंजाबराव स्वतःवरच खूष, कां की टमाट्याचे वेल सुतळीने ओढून बांबूस बांधावे तैशा सर्व वायरी, ट्रान्सफॉर्मरच्या जाड आणि मोबाईलकडून येणाऱ्या केसासारख्या बारीक, एकाच जुडीत घालोन वीत वीत अंतरावर गाठ मारिली होती. मळ्यांत ऐसी बांधणी पाहावयास लोक येत. खटका दाबिला, आणि पेटींतून 'घूंऽऽ' ऐसा नाद निघाला तो थांबेचना. गाणे लाविले तर गाणे दूर कोठे विहिरीत आणि घूं मात्र अंगणांत.

जानराव, नवी चप्पल घालोन आलेले, म्हणाले की घूं येऊन राह्यलं. पंजाबरावांनी मग जो हुकूम काढिला तैसा कोण्या पातशाहाने काढिला नसेल. हुकूम ऐसा की, हे घूं नव्हे, "हे बेस हाय!" ज्यास बेस कळत नाही त्याने बोलू नये. जानरावांनी मान हलविली की होय, बेसच आहे, भारी बेस आहे. आणि तो सबंध दिवस त्या घरांत बेस चालू होता, आणि गोठ्यांतली गाय चाऱ्यास तोंड लावीना.

तनुजाने घूं ऐकिले आणि कारण जाणिले. जाड वायरींतल्या विजेची थरथर शेजारच्या बारीक वायरीत शिरते, आणि बटणाच्या धातूच्या अंगास अर्थिंगची वायर दिलेली नाही. दोन मिनिटांचे काम. पण ती बोलली नाही. बोलावे तरी काहून? एकदा बोलली तर सांबार निवडावयास बसविली. आतां फक्त गप्प राहावयाचे, एक आरती संपेतोवर, आणि खोली तिची. रात्रंदिवस जी खोली डोळ्यांपुढे होती, कोठे टेबल, कोठे खिळे, कोणत्या भिंतीस पंख्यांची पाती टांगावी हे जिने मनांत मोजून ठेविले होते, तिला ती खोली आतां हाताच्या अंतरावर आली. ती पुरण वाटीत होती आणि हसत होती.

पूजेचा दिवस उजाडला. दोन्ही महालक्ष्म्या शालू नेसोन उभ्या, वर फुलोरा टांगलेला, पुढे सोळा भाज्यांचे आणि आंबिलीचे नैवेद्य. मानोऱ्याहून, रिठदहून पाहुणे आले, शेजारी आले, चंपाबाई म्हणोन पलीकडच्या घरची तिखट जिभेची म्हातारी पुढे येवोन बसली. पंजाबराव नवे धोतर नेसोन पेटीपाशी उभे. सर्वांस आधीच सांगोन ठेविले होते की आज आरती आपल्या हातच्या साऊंडवर. आरती लाविली. घूंऽऽ. आवाज चढविला, घूंही चढले. टाळ्या वाजविणारे हात चुकू लागले, कोणी पुढचे कडवे धरिले, कोणी मागचे. चंपाबाईंनी कानावर पदर घेतला आणि मोठ्याने विचारिले, "काय लावलं गा हे, आरती हाय का पीठगिरनी?" पाहुण्यांत हसू फुटले. पंजाबराव बटण पिळीत होते. कपाळावर घाम, आणि तोंडांत 'बेस' हा शब्द आला तो बाहेर निघेना. त्या दिवशी गावाने त्यांस प्रथमच स्वतःचा आवाज न वाढवितां उभे पाहिले.

आणि येथे, वाचकहो, तनुजाने जे केले त्यास मूर्खपणा म्हणावे की थोरवी, आम्हांस अद्याप निर्णय करितां आला नाही. आम्ही तिच्या जागी असतो तर मोदकपात्राआड लपोन मनसोक्त हसलो असतो. पण हुन्नर ज्याच्या हातांत आहे त्यास बिघाड ऐकवत नाही. हा त्या लोकांचा जुनाट रोग. ती उठली, नैवेद्याजवळचा विळा घेतला, पेटीमागे बसली, आणि सुतळीच्या गाठी सप सप कापल्या. बारीक वायर वेगळी काढोन दूर नेली, एक तुकडा सोलून बटणाच्या अंगास आणि पाटीच्या अर्थिंगच्या जागेस वळून पक्का केला. घूं मेले. आणि त्याच्या जागी आरती उमटली, स्वच्छ, शब्द न् शब्द, झांजेची किणकिण, हार्मोनियमचा सूर, जैसे देवीच आंतून म्हणत आहे. अंगावर काटा आला, हे आम्ही लिहितो, आणि आम्ही सहसा काटा येऊ देत नाही.

सर्वांचे तोंड महालक्ष्म्यांकडे होते, सबब पेटीमागे काय जाहले हे दोघांनीच पाहिले: पंजाबराव आणि तुळसाबाई. आरती संपली. पाहुण्यांनी पंजाबरावांची पाठ थोपटली. म्हणाले, वा, घरच्या घरी, न शिकता! आणि पंजाबराव, ज्यांनी त्या घटकेस एक नाव घेतले असते तर आमची ही लेखणी म्यान जाहली असती, त्यांनी मिशीवरून हात फिरविला आणि म्हणाले, "मोबाईलवर समदं दाखोते." धिक्कार असो. तुळसाबाईंनी स्वयंपाकघरांत सुनेस गाठले आणि विचारिले, "काहून हात लावला वं? खोली गेली ना तुही!" ती म्हणाली, "ऐकवत नोतं आत्याबाई मले." आणि पोळी उलटवितां उलटवितां रडली. पण तह तो तह, आरती ऐकू आली होती. खोलींत दुसरे दिवशी आणखी सहा पोती खत येवोन पडले.

परंतु कीर्ति ही फार वाईट चीज. पाहुणे ती घेवोन चहूंकडे गेले. तिसरे दिवशी जानराव आपला फवारणीचा पंप घेवोन आले. चौथे दिवशी रिठदहून एक कूलर आला. चंपाबाईंनी मिक्सर आणोन आपटला. कोणी पंखा, कोणी इस्त्री, कोणी जळालेली पाण्याची मोटार. पंजाबराव कोणास 'येत नाही' म्हणतात? म्हणाले, ठेवा, करून देतो. ठेवायचे कोठे? रस्त्याकडच्या खोलींत. जागा पुरेना, तेव्हां त्यांच्याच हुकुमाने पोती उचलोन मागल्या शेडात गेली. त्यांनी एक पंखा उघडिला, आणि मिटवितां चार स्क्रू उरले. इस्त्री उघडिली ती मिटलीच नाही. बारा दिवस खोलीस कुलूप लावोन ते मळ्यांत लपत फिरले, आणि चंपाबाई रोज सकाळी दारांत उभी, की माहा मिक्सर दे, चटनी वाटाची हाय.

शेवटी एके दुपारी तो मिक्सर चुकोन राहिला ऐसे दाखवोन त्यांनी चुलीजवळ ठेविला आणि बाहेर खाकरत बसले. तनुजाने त्यास शिवले नाही. त्यावरून भाकरीचे ताट गेले, पाण्याची घागर गेली, तिने शिवले नाही. मग तिने धीरजमार्फत एकच जाब पाठविला, "मिक्सर चुलीपाशी दुरुस्त होत नाही, टेबलावर होते. टेबल खोलीत लागते." धीरज यांनी निरोप शब्दशः पोहोचविला, आणि 'हो' न म्हणतां बापासमोर उभे राहिले. पंजाबराव उठले, आणि मळ्यांतल्या शेडामधून भाजी तोलण्याचे लांब सागवानी टेबल, ज्यास दुसऱ्या कोणाचा हात लागू देत नसत, ते पाठीवर घेवोन स्वतः खोलींत नेवोन मांडिले. चंपाबाईंचा मिक्सर त्याच सांजेस गरगरला.

सबब सूनबाईची ही फत्ते नोंदवोन ठेवितो की पुढे कोणी तिजवर दुसऱ्याचे नाव घालू नये. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, भाद्रपद वद्यपक्षीं, रोज आठवडी बाजाराचा, मुक्काम अनसिंग. ते दिवशी मानोऱ्याकडील एक गिऱ्हाईक पंखा घेवोन दुकानापुढे उभे राहिले आणि दारांतल्या खुर्चीवर बसलेल्या राजश्री पंजाबराव इढोळे यांस विचारिले की, काका, याले काय झालं असन? पंजाबरावांनी पंखा हाती घेतला, उलटा केला, पाते फिरविले, मिशीकडे हात नेला आणि अर्ध्यांतून खाली घेतला. मग भर बाजाराच्या रस्त्यावर, जानराव समक्ष, त्यांनी आपल्या आयुष्यांतले पहिले खरे फर्मान काढिले:

"थांबा, सूनबाईले इचारून सांगतो."